खाणपट्ट्याचा अर्ज आणि शिवेवरचा माणूस

माझा आजा गावचा कोतवाल होता. त्याचा बापही कोतवालच होता. मुंबई इलाख्यात ज्याला महारकीचे वतन म्हणत, जवळपास तीच कामे आमच्या जुन्या मध्य प्रांतात कोतवालकी या नावाने चालत. सरकारी कागद पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, गावात कोणी जन्मले-मेले तर त्याची वर्दी द्यायची, आणि शिवेचा तंटा उभा राहिला की दोन्ही गावांच्या देखत शीव चालून दाखवायची. महाराने पाय टाकला ती शीव, असे गावे मानीत. ज्याच्या सावलीचा विटाळ होई त्याचे पाऊल मात्र जमिनीच्या बाबतीत प्रमाण धरले जाई. ज्याला शिवेच्या आत हातभर जमीन नव्हती, त्याच्याच तोंडून सगळ्यांच्या जमिनीची हद्द ठरत असे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावाच्या शिवारात एका खनिजाच्या खाणपट्ट्याचे प्रकरण सुरू झाले. कंपनीचे आणि कचेरीचे नाव मी येथे घेणार नाही. कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते किंवा एका अधिकाऱ्यापुरते नाही. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घरातला पहिला पदवीधर असल्यामुळे वस्तीत कोणताही सरकारी कागद आला की तो माझ्याकडे येतो. तसाच हाही आला. माहितीच्या अधिकारात मिळालेला तो गठ्ठा मी तीन रात्री वाचला. त्यात नकाशा होता, गट नंबर होते, भूगर्भाचा अहवाल होता, खनिजाचा अंदाजी साठा होता. आमच्या वस्तीतली अकरा कुटुंबे ज्या तुकड्यांवर दोन पिढ्या वहिती करतात, त्या तुकड्यांपुढे दोनच शब्द होते: 'शासकीय जमीन'. ज्याच्या आजाने आणि पणजाने ही शीव दाखवली, तो माणूस त्या कागदात कोठेच नव्हता.

हा माणूस कागदातून गळाला कसा? कोणा कारकुनाच्या चुकीने गळाला, की कायद्याची घडणच अशी आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे तर खाणपट्ट्याचा अर्ज कोणत्या कसोट्यांवर तपासला जातो, आणि या कसोट्या कोठून आल्या, हे पाहावे लागते. आपल्या चळवळीने जमिनीच्या वरच्या थराचा पुष्कळ विचार केला आहे. जमिनीखालच्या थराचा फारसा केलेला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक

जमिनीखालचे खनिज कोणाचे, या प्रश्नाला भारतात सर्वत्र एकच उत्तर नव्हते. बंगालमधल्या कायमधाऱ्याच्या मुलुखात जमीनदार खनिजावरही हक्क सांगत असे. मलबारात जन्मी जमिनीचा मालक खालच्या खनिजाचाही मालक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. आमच्या मध्य प्रांतात मात्र सरकारने हा प्रश्न फार लवकर निकालात काढला. १८८१ च्या जमीन महसूल कायद्याने खाणी व खनिजे यांवर सरकारचा हक्क सांगितला. मालगुजार गावाचा मालक; पण गावाच्या पोटाचा मालक सरकार. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने हेच तत्त्व पुढे चालवले.

मालक सरकार म्हटल्यावर खणू इच्छिणाऱ्याला सरकारपुढे अर्ज करणे भाग पडले. १८९९ साली, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, पूर्वेक्षणाच्या परवान्याचे व खाणपट्ट्याचे नियम करण्यात आले. त्याआधीच, १८९६ साली, मध्य प्रांतात एक ब्रिटिश पूर्वेक्षण सिंडिकेट उभी राहिली होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यातून मँगनीज विलायतेकडे जाऊ लागले. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे पोलादाच्या व्यापाराच्या नकाशावर आली.

त्या काळच्या सरकारला अर्जदाराविषयी मुख्यतः एक गोष्ट पाहायची होती: या माणसाची पत काय? तो भांडवल उभे करू शकेल काय, स्वामित्वधन भरील काय? स्वातंत्र्यानंतर १९४८ चा खाण व खनिज कायदा आणि त्याखालचे १९४९ चे नियम आले, तेव्हाही अर्जदाराला आधी मान्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. पत ही पहिली कसोटी. ज्यांच्या जमिनीतून डोंगर उकरला जाणार त्यांची पत विचारण्याचा प्रश्नच नव्हता; ती जातीने आधीच ठरवून टाकली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पणजाचा धाकटा भाऊ गाव सोडून मँगनीजच्या खाणीवर गेला. पणजा कोतवालकीत राहिला आणि घरोघरच्या खळ्यावर उभा राहून आपले दाणे मागत राहिला. धाकट्याला मात्र आठवड्याच्या आठवड्याला रोख मजुरी मिळे. ती तुटपुंजी होती, मुकादम त्यातही हात मारी. पण ती मागून मिळत नव्हती, मोजून मिळत होती. खाणीच्या हजेरीबुकात त्याचे नाव होते. आमच्या घराण्यात रोज लिहिले जाणारे ते पहिले नाव. म्हणून खाण म्हणजे नुसता विनाश आणि गाव म्हणजे नुसते सुख, असे जे चित्र काही पांढरपेशे पर्यावरणवादी रंगवतात, ते मला मान्य नाही. गावाचे सुख कोणाच्या वाट्याला होते हे आम्हाला ठाऊक आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. खाणीत उतरल्यावर मजूर म्हणून आमचे नाव लागते. पण खाण द्यावी की न द्यावी हे ठरवताना आमचे नाव लागत नाही.

दोन

संविधानाने खनिजांचा विषय दोन सूच्यांत वाटून टाकला. राज्यसूचीतील २३ वी नोंद राज्यांना अधिकार देते, तर संघसूचीतील ५४ वी नोंद तो अधिकार लोकहितासाठी केंद्राच्या नियंत्रणाखाली आणते. याच चौकटीत १९५७ चा खाण व खनिज (विनियमन व विकास) कायदा झाला. तो १ जून १९५८ पासून अमलात आला, आणि १९६० साली त्याखाली खनिज सवलत नियम झाले. अर्धशतकाहून अधिक काळ देशातील खाणपट्टे याच नियमांनी दिले गेले. गौण खनिजे, म्हणजे मुरूम, रेती, बांधकामाचा दगड वगैरे, मात्र राज्यांच्या स्वतंत्र नियमांकडे सोपवलेली आहेत.

त्या काळात अर्ज कसा फिरत असे? ठरावीक नमुन्यात अर्जदार आपले नाव, राष्ट्रीयत्व, धंदा, हवे असलेले खनिज, क्षेत्र आणि मुदत लिही, नकाशा जोडी. अर्ज राज्य सरकारचा, पण चौकशी जिल्ह्यातून. खनिकर्म अधिकारी पाही की हे क्षेत्र आधीच कोणाला दिलेले तर नाही. महसूल खाते गट नंबरांवरून जमीन कोणाची ते सांगे. वनखाते वनजमीन किती ते सांगे. नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचा अभिप्राय घेऊन प्रकरण मंत्रालयात जाई. मँगनीज, लोहखनिज, बॉक्साईट यांसारखी जी खनिजे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होती, त्यांच्यासाठी दिल्लीची पूर्वमान्यता लागे. १९८६ च्या दुरुस्तीनंतर खाणीचा आराखडाही मंजूर करून घ्यावा लागू लागला. तो भारतीय खाण ब्यूरो तपासतो, आणि त्याचेही मुख्य कार्यालय नागपूरलाच आहे. शेवटी पट्ट्याचा करारनामा, मोजणी आणि हद्दीचे दगड.

एकाच क्षेत्रासाठी अनेक अर्ज आले तर काय? कायद्याचे ११ वे कलम सांगे: ज्याने पूर्वेक्षण केले त्याला अग्रहक्क; तसा कोणी नसेल तर ज्याचा अर्ज आधी त्याला अग्रक्रम. एकाच दिवशी अनेक अर्ज आले तर अर्जदारांचा अनुभव, आर्थिक ताकद, तांत्रिक माणसे अशा गोष्टी तोलल्या जात. शिवाय विशेष कारणे नोंदवून, केंद्राच्या मान्यतेने, मागून आलेल्यालाही पुढे काढण्याची सोय होती. म्हणजे पतीच्या जोडीला दुसरी कसोटी आली: क्रम. पण क्रम कोणाचा? अर्ज करणाऱ्यांचा. जमिनीवर जो सर्वांच्या आधी आलेला होता, त्याचा क्रम धरण्याची रीत या कलमात नव्हती.

या नियमांतल्या तीन तरतुदी कार्यकर्त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. बावीसाव्या नियमाखाली अर्जदाराला असे लेखी द्यावे लागे की जमीन स्वतःची नसेल तर भूपृष्ठाचे हक्क किंवा जमीनमालकाची संमती आपण मिळवली आहे. पण जमीन सरकारची असेल तर अशा निवेदनाची गरज नाही, आणि खाजगी असेल तरी ही संमती पट्टा मिळाल्यावर, जमिनीत शिरण्यापूर्वी, दिली तरी चालेल. सव्वीसाव्या नियमाखाली अर्ज नाकारायचा तर सरकारने अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यायची आणि नकाराची कारणे लिहायची. आणि बहात्तराव्या नियमाखाली पट्टेदाराने जमिनीच्या भोगवटादाराला वार्षिक भरपाई द्यायची. शेतजमीन असेल तर तशाच जमिनीच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नावरून.

या तिन्हींचा अर्थ एकत्र घेतला की चित्र स्पष्ट होते. संमती मालकाची. भरपाई भोगवटादाराची. सुनावणी अर्जदाराची. मग सरकारी जमिनीवर पोट भरणारा भूमिहीन? तो मालक नाही, म्हणून संमती नको. महसुली भाषेत तो भोगवटादार नाही, अतिक्रमणदार आहे, म्हणून भरपाई नको. आणि तो अर्जदार तर नाहीच, म्हणून सुनावणी नको. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. आमचा माणूस कारकुनाच्या चुकीने गळालेला नाही. कारकुनाने नियमाप्रमाणेच लिहिले होते.

पूर्व विदर्भात या 'शासकीय जमिनी'ला एक खास इतिहास आहे. मालगुजारी १९५१ साली संपली तेव्हा गावाच्या सामाईक वापराची पुष्कळ झुडपी जमीन सरकारकडे आली आणि नोंदींत 'झुडपी जंगल' म्हणून राहिली. गुरे चारणे, सरपण, मुरूम, दगड यांचे गावाचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. भूमिहीन दलितांनी पोटासाठी हात घातला तो याच जमिनीत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांनी पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी देशापुढे मांडली. माझा आजा त्या लढ्यातूनच दोन एकर झुडपीत नांगर घालायला शिकला. सरकारने पुढे गायरानावरची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. पण झुडपी जंगलाला जंगल म्हणायचे की नाही या वादात आमच्याकडची प्रकरणे लटकून राहिली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या अर्थाने वन आहे असा निकाल दिला. एकाच तुकड्याला तलाठ्याने अतिक्रमण म्हणायचे, वनखात्याने जंगल म्हणायचे आणि खनिकर्म खात्याने शासकीय जमीन म्हणायचे. त्याला शेत एकटा आजाच म्हणत होता.

तीन

१२ जानेवारी २०१५ रोजी अध्यादेश निघाला, पुढे त्याचा कायदा झाला, आणि प्रमुख खनिजांच्या बाबतीत अर्जांच्या रांगेची पद्धत संपली. आता सरकार स्वतः क्षेत्र ठरवते, त्याचा लिलाव पुकारते, आणि खनिजाच्या मूल्यातला जास्तीत जास्त हिस्सा देऊ करणाऱ्याला ते क्षेत्र मिळते. पट्ट्याची मुदत पन्नास वर्षे झाली. १९६० च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. मर्जीतल्या माणसाला पट्टा देण्याच्या प्रकारांना यामुळे आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. लिलावाविना वाटप करण्याच्या पद्धतीत काय काय चालत असे हे कोळशाच्या खाणवाटपाच्या खटल्यात आणि गोव्याच्या लोहखनिजाच्या प्रकरणात देशाने पाहिले आहे.

पण कसोटी काय झाली? पत आणि क्रम यांच्या जागी बोली आली. बोली लावणाऱ्याने फक्त सरकारशी बोलायचे. २०१५ च्या खनिज लिलाव नियमांत क्षेत्राची आखणी उपकरणांनी करून जमिनीचे तीन वर्ग पाडायला सांगितले आहे: वनजमीन, राज्य सरकारच्या मालकीची जमीन, आणि राज्य सरकारच्या मालकीची नसलेली जमीन. आजाच्या पायाची जागा उपग्रहाने घेतली. त्याबद्दल मी खंत करणार नाही, कारण तो पाय वेठीचा होता. पण जमिनीचे तीन रकाने करताना माणसांचा एकही रकाना केला गेला नाही. कोणाची जमीन, हे विचारले जाते. जमिनीवर कोण, हे विचारले जात नाही.

केंद्र आणि राज्ये यांचा खनिजाच्या पैशावरून चाललेला वाद २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे निकालात निघाला. स्वामित्वधन हा कर नाही आणि राज्ये खनिज हक्कांवर कर बसवू शकतात, असे बहुमताने ठरले. हा मोठा निकाल आहे. पण त्या वादातले पक्ष होते सरकारे आणि कंपन्या. ज्यांच्या खालून खनिज निघते ते त्यात पक्षकार नव्हते.

चार

तरीही दारे अजिबात बंद आहेत असे नाही. गेल्या काही दशकांत लोकांच्या लढ्यांनी काही दारे उघडली आहेत. प्रत्येक दारावरचा पहारेकरी आत सोडण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न आपण ओळखला पाहिजे.

पहिले दार अनुसूचित क्षेत्रांचे. ११ जुलै १९९७ च्या समता निकालात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासींना व खाजगी कंपन्यांना खाणपट्टे देण्याला मनाई केली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजांच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा योग्य त्या स्तरावरील पंचायतीची आधी शिफारस बंधनकारक केली. हे आदिवासी बांधवांच्या लढ्याचे यश आहे आणि ते आपण आपलेच मानले पाहिजे. पण हे दार विचारते: गाव अनुसूचित क्षेत्रात आहे काय? आमचे गाव नाही. देशातली बहुसंख्य दलित वस्ती अनुसूचित क्षेत्राबाहेरच आहे.

दुसरे दार २००६ च्या वनहक्क कायद्याचे. याच कायद्याच्या बळावर १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साईटच्या खाणीला नकार दिला आणि तो टिकला. हे दार बिगर-आदिवासींनाही उघडे आहे, पण ते त्यांना विचारते: १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तुम्ही येथे राहात होता काय? दाखवा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले त्यांच्याकडे पंचाहत्तर वर्षांचा कागद मागायचा, यात जो क्रूर विनोद आहे तो कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा. आणि २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन खाणीला वळती करण्याआधी ग्रामसभेचा ठराव आवश्यक केला होता. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची मान्यता आधी आणि वनहक्कांची पूर्तता मागाहून राज्याने पाहायची, अशी उलटापालट केली.

ग्रामसभेविषयीही आपण डोळस राहिले पाहिजे. खेड्याविषयी बाबासाहेबांनी संविधान सभेत जे कठोर मत मांडले, ते विसरून ग्रामसभेची आरती ओवाळणे आपल्याला परवडणारे नाही. आमच्या ग्रामसभेत आमचे लोक दाराशी उभे असतात. जमीनवाल्यांना भरपाईचा भाव मान्य झाला की ठराव 'सर्वानुमते' होतो. त्या सर्वांत भूमिहीन किती, हे इतिवृत्तात लिहीत नाहीत. गावाची संमती म्हणजे आपली संमती, असे गृहीत धरणारी चळवळ आपली नव्हे.

तिसरे दार पर्यावरणाच्या जनसुनावणीचे. १९९४ च्या अधिसूचनेत १९९७ च्या दुरुस्तीने ती बंधनकारक झाली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत तिची रीत सविस्तर ठरवली गेली. तीस दिवसांची सूचना, प्रदूषण नियंत्रण मंडळाने भरवायची सभा, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, सर्व कामकाजाचे चित्रीकरण, लोकांनी मांडलेले मुद्दे आणि कंपनीचे उत्तर यांची नोंद, आणि ती नोंद लोकभाषेत वाचून दाखवणे. त्यात उणिवा आहेत. सभेला गणपूर्तीची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली. स्थानिक भाषेत मिळतो तो अहवालाचा सारांश. जाडजूड अहवाल इंग्रजीत. आणि सुनावणी म्हणजे संमती नव्हे. पण या दाराचे एक वैशिष्ट्य आहे. येथे सातबारा विचारत नाहीत. जो जागेवर हजर आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे.

पाच

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि खाणीत उतरून कामगारांची स्थिती त्यांनी स्वतः पाहिली. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ साली, कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. खाणीतल्या माणसाला कायद्यात जागा देण्याचे ते काम होते. १९४७ साली त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा मांडला. त्यात महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेतजमीनही राज्याची असावी, असे सुचवले होते. जमीन राज्याची करण्यामागचा त्यांचा हेतू असा की ती गावाला कसायला देताना जात आडवी येऊ नये. गावात ना जमीनदार राहावा, ना भूमिहीन मजूर.

आज खनिज राज्याच्या मालकीचे आहे. झुडपी जमीनही राज्याची आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या कल्पनेचा अर्धा भाग झाला, असे कोणी म्हणेल. पण राज्याची मालकी त्यांना हवी होती ती भूमिहीनाला समान भागीदार करण्यासाठी. येथे राज्याची मालकी आली आणि तिचाच उपयोग भूमिहीनाला कागदावरून पुसण्यासाठी झाला. २०१५ नंतर प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान स्थापन करून, लिलावाच्या पट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या दहा टक्के आणि जुन्या पट्ट्यांकडून तीस टक्के रक्कम बाधितांसाठी घेतली जाते. पैसा आहे. पण 'बाधित' कोण, हे ठरवतानाही पुन्हा त्याच याद्या काढल्या जातात ज्यांत आमचे नाव नाही.

म्हणून माझी मागणी एका वाक्यात अशी आहे: लिलाव पुकारण्याआधी क्षेत्रातल्या प्रत्येक वहितीदाराची, मजुराची, सरपण व चराई यांवर जगणाऱ्याची नावानिशी यादी व्हावी, आणि अर्जदाराला जशी सुनावणी मिळे तशी या यादीतल्या प्रत्येकाला मिळावी. पाहुणा म्हणून नव्हे, पक्षकार म्हणून.

ही मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. आमच्या गावात जे घडले ते सांगून मी थांबतो.

जनसुनावणीची सूचना आली तेव्हा आजा जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात त्याची एक पत्र्याची पेटी होती. आजी म्हणाली, "त्यात का हाये, बापा? दंडाच्याच पावत्या हायेत." खरोखर दंडाच्याच पावत्या होत्या. झुडपीत नांगर घातला म्हणून तलाठी दरसाल अतिक्रमणाचा दंड घेई आणि गाव नमुना १-ई मध्ये नाव लिही. ही शरम आजाने आयुष्यभर जपून ठेवली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माणसाने एकही पावती टाकली नव्हती. वनहक्काच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तीत सरकारी नोंदी चालतात, वंशावळ चालते, आणि गावातल्या वडीलधाऱ्याचे लेखी नोंदवलेले निवेदनही चालते. ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवले तोच कागद त्याच्या वहितीचा पुरावा होता. राहिवासाचा पुरावा शोधताना आम्ही जुन्या कोतवाल बुकाच्या नकला काढल्या. गावाच्या जन्म-मृत्यूची वर्दी देणाऱ्या पणजाच्या घरातलेही जन्म त्यात होते. गावाची सेवा करताना त्याने नकळत आमचाही इतिहास लिहून ठेवला होता.

सुनावणीच्या दिवशी मंडपात पुढच्या खुर्च्या ठरलेल्या लोकांनी भरल्या होत्या. आमच्या वस्तीतल्या बायका मागे उभ्या होत्या. नाव पुकारल्यावर आजी पुढे गेली. साहेबांनी विचारले, "आजी, तुमचा गट नंबर कोणता?" ती म्हणाली, "नंबर तुमच्या कागदात हाये, साहेब. मले जागा मालूम हाये. चाला, दाखवतो." मंडपात थोडे हसू झाले. मग अकराही कुटुंबांनी एकेक करून आपापला तुकडा, आपापल्या पावत्यांची साल आणि आपापली माणसे सांगितली. हे सर्व नोंदीत येईपर्यंत आम्ही उठलो नाही. नोंद वाचून दाखवताना दोन नावे राहिली होती. ती आम्ही घालायला लावली.

पट्ट्याचे प्रकरण अजून संपलेले नाही. वनहक्काचे आमचे दावे उपविभागीय समितीपुढे पडून आहेत; तेथे पंचाहत्तर वर्षांचा 'पक्का' कागद मागितला जातो आणि नियमात नसलेला हा शब्द कोठून आला, असे आम्ही लेखी विचारले आहे. पर्यावरण मंजुरी निघालीच तर हरित न्यायाधिकरणापुढे अपिलाची मुदत तीस दिवसांची असते, आणि सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात, हे वस्तीतल्या पोरांनी पाठ करून ठेवले आहे. आपण हरूही. पण खाणपट्ट्याच्या त्या गठ्ठ्यात आता अकरा कुटुंबांची नावे आहेत. ती काढायची तर कोणाला तरी कारण लिहावे लागेल.

प्रत्येक तालुक्यात शिकलेल्या एका तरी पोराने आपल्या शिवारातल्या खाणीचे प्रकरण मागवून वाचावे, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडाव्यात. दंडाच्या पावत्या फेकू नयेत.